नावांची ठेव : निर्वासितांच्या नोंदणीविषयी चार शब्द

शेगाव हे यात्रेचे गाव. श्रीगजानन महाराजांच्या प्रगटदिनी, रामनवमीस किंवा ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीस येथे माणसांचा जो महापूर लोटतो, तो आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. अशा गर्दीत एखादे मूल आईच्या हातून सुटले म्हणजे भली माणसे त्यास जवळ घेऊन चार प्रश्न विचारतात : बाळ, तुझे नाव काय? गाव कोणते? बरोबर कोण होते? कोणत्या गाडीने आलात? ही उत्तरे हाती आली की ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो आणि घटकाभरात माय धावत येते. म्हणजे त्या मुलाची सुटका चार प्रश्नांच्या नीट उत्तरांनी होते.

आता अशी कल्पना करावी की, वाट चुकलेले मूल एक नसून माणसेच लक्षावधी आहेत. त्यांचे गाव परत जाण्याजोगे उरलेले नाही. घराच्या किल्ल्या व जमिनीचे कागद मागे राहिले आहेत. आणि पुकारा ऐकून धावत येणारे आप्त कोठे आहेत, हे कोणासही ठाऊक नाही. अशा वेळी हे चार प्रश्न कोणी विचारावयाचे, उत्तरे कोठे लिहावयाची, आणि लिहिलेले कोणाच्या हाती ठेवावयाचे? वरवर पाहता हा केवळ कारकुनी प्रश्न वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर माणसाचे अन्न, त्याचे कुटुंब, त्याचे नागरिकत्व व प्रसंगी त्याचे प्राणही अवलंबून असतात, हे ह्या लेखात दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम निर्वासित म्हणजे कोण, हे पाहू. युद्ध, छळ अथवा दंगल ह्यांच्या भयाने ज्यास आपला देश सोडून परमुलखाचा आश्रय घ्यावा लागतो, तो निर्वासित. असा मनुष्य छावणीच्या दाराशी आला म्हणजे त्यास पाणी व भाकरी तर द्यावीच लागते. परंतु लगोलग त्याचे नावही लिहून घ्यावे लागते. कोणी म्हणेल, भुकेल्यास आधी खाऊ घालावे, नाव विचारीत काय बसावयाचे? हे म्हणणे पहिल्या दिवसापुरते खरे आहे. दुसऱ्या दिवशी मात्र किती माणसांचे धान्य रांधावयाचे, तान्ही मुले किती, आजारी किती, गरोदर स्त्रिया किती, आईबापांवाचून आलेली मुले कोणती, हे ज्ञात नसेल तर धटिंगण दोनदा जेवून जातात आणि कोपऱ्यात बसलेली विधवा उपाशी राहते. यादी नसली की बळी तो कान पिळी हाच न्याय चालतो. ह्यास्तव नोंदणी हे दुर्बलांचे पहिले संरक्षण होय.

ह्या नोंदणीची पद्धत साधारणपणे अशी असते. प्रत्येक कुटुंबाचा एक स्वतंत्र कागद करतात. त्यावर कुटुंबप्रमुखाचे नाव, मग प्रत्येक माणसाचे नाव, वय, नाते, मूळ गाव, भाषा व धंदा लिहितात. कोणास विशेष आजार वा अपंगत्व असल्यास तेही टिपतात. कुटुंबास एक क्रमांक मिळतो व त्या क्रमांकाचे कार्ड हाती दिले जाते. शिधा, औषध, कांबळी, मुलांचा शाळाप्रवेश, सर्व काही त्या कार्डावर चालते. पुढे जन्म झाला की नाव चढवावयाचे, मृत्यू झाला की कमी करावयाचे, कोणी गाव सोडून गेले की तसा शेरा मारावयाचा. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे. जी वही एकदाच भरली व पुन्हा उघडली नाही, ती वर्षभरात खोटी होते.

ह्या शास्त्राचा एक उत्तम धडा पहिल्या महायुद्धाने घालून दिला. १९१४ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जिनीव्हा येथे युद्धकैद्यांविषयीची एक कचेरी उघडली. शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकांच्या याद्या निरनिराळी सरकारे तेथे पाठवीत. दुसरीकडून आया, बायका व बहिणी आपल्या माणसाचा ठावठिकाणा विचारणारी पत्रे पाठवीत. याद्यांतील प्रत्येक नावाचे एक कार्ड व चौकशीच्या प्रत्येक पत्राचे एक कार्ड करून ती सर्व नावांच्या क्रमाने एकाच पेटीत लावीत. चौकशीचे कार्ड व कैद्याचे कार्ड शेजारी येऊन बसले की माणूस सापडला! एकाच नावाचे शेकडो सैनिक असत. तेव्हा पलटण, गाव, बापाचे नाव ह्यांवरून त्यांचा उलगडा करावा लागे. कार्डांची संख्या सत्तर लाखांच्या घरात गेली. हे काम करणारे पुष्कळसे स्वयंसेवक होते. सुप्रसिद्ध फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ हेही त्यांत होते. युनेस्कोने २००७ साली ह्या कार्डांच्या संग्रहास जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले, ते योग्यच झाले.

परंतु नाव सापडले म्हणजे सर्व काही झाले असे नव्हे. रशियातील राज्यक्रांतीनंतर देशोधडीस लागलेल्या लक्षावधी लोकांचे नागरिकत्व तेथील नव्या सरकारने १९२१ साली काढून घेतले. ते लोक जिवंत होते, त्यांस नाव होते. पण ते कोणाचे, हे सांगणारा कागद नव्हता. आणि कागद नाही म्हणून सरहद्द ओलांडता येईना, काम मिळेना. त्या वेळी राष्ट्रसंघाचे निर्वासितविषयक उच्चायुक्त नॉर्वेचे ध्रुवप्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन हे होते. त्यांच्या प्रयत्नाने १९२२ साली एक साधे प्रमाणपत्र निघाले, तेच 'नान्सेन पासपोर्ट' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. पन्नासांहून अधिक सरकारांनी त्यास मान्यता दिली व सुमारे साडेचार लक्ष लोकांनी त्याचा लाभ घेतला. संगीतकार स्त्राविन्स्की व चित्रकार शागाल हे त्यांपैकीच. त्याच वर्षी नान्सेन ह्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका घडी घातलेल्या कागदाने माणसास पुन्हा जगाच्या व्यवहारात आणले, हे ह्या गोष्टीचे सार.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडातील लक्षावधी लोकांस सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते. १९४१ साली त्यांची सुटका झाल्यावर त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांस आश्रय दिला. आणि १९४३ पासून वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची, विशेषतः स्त्रिया व मुले ह्यांची, वसाहत उभी राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, इस्पितळ होते, प्रार्थनामंदिर होते. युद्ध संपले, परंतु त्यांपैकी बहुतेकांची मूळ गावे नव्या सीमारेषेमुळे सोव्हिएत मुलखात गेली होती. 'तुझे गाव कोणते?' ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांस ठाऊक होते. मात्र त्या गावाचा देश बदलला होता. ज्यांचा बाप, भाऊ वा पती पोलिश सैन्यात होता अशांस पुढे इंग्लंडात जाता आले. म्हणजे कागदावरील नाते सिद्ध करणे ही तेथे भाग्याची गोष्ट ठरली. १९४८ सालापर्यंत ती वसाहत रिकामी झाली.

आणि तिच्या रिकाम्या खोल्यांत लवकरच दुसरी माणसे आली. ती होती फाळणीमुळे सिंध सोडून आलेली आपलीच माणसे. आज त्या जागी गांधीनगर ही कापडाच्या व्यापाराची भरभराटलेली पेठ आहे. एकाच छपराखाली दोन भाषांची, दोन धर्मांची, दोन निरनिराळ्या संकटांतून आलेली माणसे एकामागून एक येऊन राहिली. दोघांसही दाराशी प्रश्न मात्र तेच विचारले गेले असतील.

फाळणीचे निर्वासित म्हटले म्हणजे उल्हासनगरचे नाव प्रथम आठवते. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर सिंधी हिंदूंचे लोंढे जहाजांनी मुंबईस येऊ लागले. कल्याणजवळ युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी होत्या. तेथे सुमारे एक लक्ष लोकांस आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्या जागी उल्हासनगर वसविले गेले. त्या वसाहतीचे पाच कॅम्प होते, बराकींस क्रमांक होते, खोल्यांस क्रमांक होते. मोठे शहर झाले तरी तेथील पुष्कळ पत्त्यांत बराकीचा नंबर अद्याप लिहितात. नोंदवहीतील आकडा असा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पत्त्यात राहतो. आमच्या वऱ्हाडातही अकोला, खामगाव इत्यादी ठिकाणी अशी सिंधी कुटुंबे येऊन स्थायिक झाली, व्यापारउदिमाने वर आली, आणि त्यांची नातवंडे आज अस्खलित वऱ्हाडी बोलतात.

ह्या काळात नोंदणीच्या तारखेस केवढे मोल आले, ते आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात दिसते. जे लोक १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आले व येथेच राहिले, त्यांस घटनेने इतर अटी पुऱ्या होताच नागरिक मानले. त्या दिवशी वा त्यानंतर येणाऱ्यांस मात्र आधी सहा महिने येथे वास्तव्य करून, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन, घटना अमलात येण्यापूर्वी आपले नाव नागरिक म्हणून नोंदवून घेणे प्राप्त होते. दोन भाऊ, एक १८ जुलैस पोहोचला व एक २० जुलैस. दोघांचे दुःख एकच, पण कागदाची वाट निराळी!

मग कागद मागे राहिलेला मनुष्य आपले म्हणणे सिद्ध कसे करणार? ह्याचे एक सुंदर उत्तर पूर्व पंजाबात सापडले. पश्चिम पंजाबात जमिनी टाकून आलेल्या शेतकऱ्यांनी येथे जमीन मिळावी म्हणून १० मार्च १९४८ पर्यंत पाच लक्षांहून अधिक अर्ज केले. कोणाची किती एकर होती, हे कळावे कसे? पुनर्वसन खात्याचे मुख्य तरलोक सिंह ह्यांच्या देखरेखीखाली अशी पद्धत चालली की, एका गावच्या निर्वासितांची खुली सभा भरवावयाची, अधिकाऱ्याने एकेक अर्ज मोठ्याने वाचावयाचा, आणि त्याच गावच्या लोकांनी तो मान्य, दुरुस्त किंवा नामंजूर करावयाचा. वाढवून सांगणाऱ्याची जमीन कापली जाई. फारच खोटे बोलल्यास तुरुंगही दाखविला जाई. गाव उद्ध्वस्त झाले, पटवाऱ्याचे दप्तर सीमेपार राहिले. परंतु शेजाऱ्याच्या स्मरणातील वही शाबूत होती. आम्हांस वाटते की, नोंदणीच्या साऱ्या इतिहासात ह्याहून मोठे तत्त्व नाही. मनुष्याची खरी ओळख त्यास ओळखणाऱ्या माणसांत असते. कागद हा तिचा उतारा होय.

आमच्या विदर्भातही अशी एक वसाहत आहे. १९५९ साली दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी लोक भारतात आले. त्यांच्यासाठी १९७२ साली तेव्हाच्या भंडारा व हल्लीच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोठणगावाशेजारी, नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत स्थापन झाली. भारतातील तिबेटी निर्वासितास सरकारकडून नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते व ठरावीक मुदतीने ते नवे करून घ्यावे लागते; परदेशी जाणे झाल्यास पिवळ्या वेष्टनाची निराळी पुस्तिका लागते. पिढी बदलली, मुले येथेच जन्मून मराठी-हिंदी बोलू लागली, तरी प्रमाणपत्राची मुदत सांभाळावीच लागते. आपणांपैकी कोणास आपल्या गावात राहण्याचा कागद नवा करून घ्यावा लागतो काय? ह्या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

येथवर नोंदणीचे गुण सांगितले. आता तिच्यातील चुका पाहू; कारण त्या आमच्याही ओळखीच्या आहेत. पहिली चूक नावाची. ऐकणारा एका भाषेचा, सांगणारा दुसऱ्या भाषेचा; एका छावणीत एक अक्षर बदलते, दुसऱ्या छावणीत दुसरे, आणि कागदोपत्री सख्खे भाऊ परके होतात. दुसरी चूक वयाची. जन्मतारीख ठाऊक नसली की लेखनिक सोयीची तारीख घालतो. ह्यामुळे जगातील कितीतरी निर्वासितांचा जन्मदिवस १ जानेवारी आहे. हसू नका, आपल्या आजोबांच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे की काय, ते पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली, तीच जन्माची झाली! तिसरी चूक स्त्रियांविषयी. केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहून 'इतर चार' असे टिपले, तर पतीचे निधन झाल्यावर वा त्याने टाकून दिल्यावर त्या स्त्रीच्या हाती काहीच राहत नाही. ह्यास्तव प्रत्येक माणसाची नोंद स्वतंत्र असावी, असा आता दंडक आहे.

संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालय डिसेंबर १९५० मध्ये स्थापन झाले, आणि १९५१ च्या करारात निर्वासितांस ओळखीचे कागद देण्याचे कलम आले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तथापि कित्येक निर्वासितांस येथे आश्रय मिळाला आहे. आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. २००२ साली पाकिस्तानातून स्वदेशी परतणाऱ्या अफगाण लोकांच्या डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र घेऊन तपासणी सुरू झाली, ती अशासाठी की एकाच माणसाने मदत दोनदा घेऊ नये. अंगठा पुसट होतो, कार्ड हरवते, बुबुळ हरवत नाही. सोय मोठी झाली खरी. परंतु जे हरवत नाही, ते परतही घेता येत नाही. कार्ड चोरीस गेले तर नवे मिळेल. डोळा नवा कोठून आणावयाचा?

आणि येथेच आम्हांस ह्या विषयाची काळी बाजू सांगणे प्राप्त आहे. हॉलंडात दुसऱ्या महायुद्धापूर्वी लोकसंख्येची नोंदवही इतकी चोख होती की, तिची वाखाणणी होत असे. जर्मनांनी तो देश जिंकल्यावर तीच चोख वही ज्यू लोकांस हुडकण्याच्या कामी आली, आणि तेथील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी काही देशभक्तांनी पोलिसांच्या वेषात जाऊन ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीस आग लावली. कार्डांचा काही भागच जळाला, आणि त्यांपैकी अनेकांस आपले प्राण द्यावे लागले. माणसे वाचविण्यासाठी माणसांची वही जाळावी लागते, ही केवढी विपरीत वेळ! रुआंडा देशात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलेले असे. १९९४ च्या कत्तलीत रस्त्यारस्त्यांवर ती कार्डे पाहून माणसे मारली गेली. वही तीच, शाई तीच; हात बदलला की अर्थ बदलतो.

अलीकडचीही उदाहरणे आहेत. २०१७ पासून म्यानमारातून सात लक्षांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. त्यांची नोंद बांगलादेश सरकार व उच्चायुक्त कार्यालय ह्यांनी मिळून केली. ती माहिती परतपाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमारकडे गेली व ह्याची पुरी कल्पना पुष्कळांस दिली नव्हती, असे ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आपण संमती विचारली होती, असे उच्चायुक्त कार्यालयाचे म्हणणे. निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु ज्याच्या भयाने पळालो त्याच्याच हाती आपले नाव जावे, ह्याहून निर्वासिताची दुसरी धास्ती नाही, एवढे सर्वांस पटेल. पुढे जानेवारी २०२२ मध्ये रेडक्रॉसच्या संगणकांत कोणी चोरवाटेने शिरले आणि ताटातूट झालेल्या पाच लक्षांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जिनीव्हाची कार्डे चोरावयास आगगाडीचे डबे लागले असते. आता ती एका रात्रीत जातात.

तर मग नाव लिहावे की न लिहावे? आमचे मत असे की, लिहावे, परंतु ठेव म्हणून लिहावे. सोनाराकडे गहाण ठेवलेला दागिना सोनाराचा होत नाही. तद्वत वहीत लिहिलेले नाव वहीवाल्याचे होत नाही. ह्या एका विचारातून पुढील नियम आपोआप निघतात. कामापुरतेच विचारावे, धान्य वाटावयास धर्म व जात विचारण्याचे कारण नाही. का विचारतो, ते त्याच्या भाषेत सांगावे. लिहिलेले त्यास वाचून दाखवावे व चूक दुरुस्त करण्याचा त्याचा हक्क मानावा. त्याच्या कागदाची प्रत त्याच्या हाती द्यावी. त्यास न विचारता दुसऱ्याच्या हाती वही देऊ नये. काम संपल्यावर कोणता कागद जपावयाचा व कोणता नष्ट करावयाचा, हे आधीच ठरवावे. आणि वही नाही म्हणून कोणास उपाशी ठेवू नये. कारण वही माणसासाठी आहे, माणूस वहीसाठी नव्हे.

हा विषय दूरचा आहे असे कोणी समजू नये. आमच्या वऱ्हाडात जुन्या काळी गावचे जन्ममृत्यू कोतवाल बुकात लिहीत. आज जातीचा दाखला काढावयाचा झाला की आमचे पालक तहसील कचेरीत त्याच पिवळ्या पडलेल्या पानांत पणजोबांचे नाव शोधतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी ज्या अनाम लेखनिकाने ते नाव नीट लिहिले, त्याच्यामुळे आज एका मुलास महाविद्यालयात प्रवेश मिळतो. ज्याने कंटाळून अर्धे लिहिले, त्याच्यामुळे दुसरे मूल हेलपाटे घालीत राहते. शाळेचे दाखलखारीज रजिस्टरही असेच. शाळा सोडल्याचा दाखला हा त्याचा उतारा, आणि त्यातील एक वेलांटी चुकली तर ती निस्तरण्यास वर्षे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशादी अनेक कामांस जन्माचा दाखला हाच जन्माचा पुरावा ठरला आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, बाळाचा जन्म वेळेवर नोंदवावा, नावाचे लेखन सर्व कागदांत एकसारखे आहे की नाही ते आजच पाहावे, आणि मुलीच्या कागदांचीही मुलाच्या कागदांइतकीच निगा राखावी. विद्यार्थ्यांस सांगणे असे की, तुमच्यापैकी कोणी उद्या तलाठी, कोणी ग्रामसेवक, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक व्हाल. पूर येईल, साथ येईल, एखाद्या गावचे लोक उघड्यावर येतील. आणि वही व लेखणी तुमच्या हाती येईल. त्या वेळी समोरच्या रांगेतील थकलेली म्हातारी आपले नाव हळू आवाजात सांगेल. ते पुन्हा विचारा, नीट ऐका, पुरते लिहा, तिला वाचून दाखवा. आणि मग ती वही कुलुपात ठेवा.